लांब रॉडची लांबण

“बुलेटचा स्ट्रोक लांब, म्हणून तिचं कंप्रेशन जास्त. आणखी वाढवायचं असेल तर कनेक्टिंग रॉड लांब टाकायचा. रॉड लांब झाला की स्ट्रोक लांब होतो आणि स्ट्रोक लांब झाला की कंप्रेशन वाढतं.”

गुम्मिडिपूंडीच्या सिपकॉट वसाहतीत पोटापाण्यासाठी आलेल्या आम्हा मराठी मंडळींत हे विधान वेदवाक्यासारखं फिरतं. बोलणारे अडाणी नाहीत. कोणी डिप्लोमा झालेला, कोणी रोलिंग मिलच्या मेन्टेनन्सला, कोणी सीएनसीवर दिवसभर मायक्रॉनमध्ये मापं काढणारा. कोल्हापूरच्या उद्यमनगरात आणि पुण्याच्या नाना पेठेतही हेच ऐकायला मिळतं, तेव्हा खापर एकट्या तमिळ मुलुखावर फोडण्यात अर्थ नाही. टपरीवरच्या गप्पा म्हणून मी हे सोडूनही दिलं असतं. पण आता याच समजुतीवर लांब रॉड खपवले जातात, धडधाकट इंजिनांचे क्रँककेस उघडले जातात, आणि पिस्टन व्हॉल्व्हला धडकला की दोष पेट्रोलच्या माथी मारला जातो.

साक्षीदार म्हणून बुलेटलाच उभं केलं जातं, तर तिचीच उलटतपासणी आधी घेऊ.

गुम्मिडिपूंडीहून चेन्नईकडे निघालेली लोकल पोन्नेरी, मिंजूर, एण्णोर करत तिरुवोत्तियूरला येते. १९५५ साली इंग्लंडातल्या रेडिचच्या रॉयल एनफील्डने मद्रास मोटर्सशी भागीदारी केली, त्यातून एनफील्ड इंडिया उभी राहिली आणि तिचा कारखाना इथे आला. इथून तेव्हा निघणाऱ्या ३५० बुलेटचा बोअर ७० मिलिमीटर आणि स्ट्रोक ९० मिलिमीटर. बिडाच्या बॅरलच्या त्या जुन्या गाडीचा कंप्रेशन रेशो होता ५.५. पुढे २००९ साली क्लासिक ३५० आली ती युनिट कन्स्ट्रक्शनचं नवं इंजिन घेऊन. तिचाही बोअर ७० आणि स्ट्रोक ९०. कंप्रेशन रेशो मात्र ८.५.

स्ट्रोक केसभरही हलला नाही आणि कंप्रेशन साडेपाचावरून साडेआठावर गेलं. लांब स्ट्रोकमुळे कंप्रेशन जास्त, हे खरं असतं तर जुनी बिडाची बुलेट काय म्हणून मागे राहिली?

पुढची पिढी तर आणखीच अडचणीची. २०२० साली मेटिऑरमध्ये आलेल्या जे-सीरिज इंजिनाचा बोअर ७२ झाला, स्ट्रोक ८५.८ इतका आखूड झाला, आणि कंप्रेशन ९.५ झालं. ६५० च्या जोड सिलिंडरवाल्या इंजिनाचा स्ट्रोक फक्त ६७.८, कंप्रेशन तेच ९.५. हिमालयन ४५० चा स्ट्रोक ८१.५ आणि कंप्रेशन ११.५. एकाच कंपनीची ही इंजिनं एका ओळीत मांडली तर सगळ्यात लांब स्ट्रोकवाल्याचं कंप्रेशन सगळ्यात कमी दिसतं. यावरून कोणी ‘स्ट्रोक आखूड केला की कंप्रेशन वाढतं’ असा उलटा नियम काढेल, तर तोही तितकाच चुकीचा ठरेल.

इथे समोरचा म्हणतो, “अहो, पण त्यांनी हेड बदललं, पिस्टन बदलला!” बरोबर. कंप्रेशन ठरलं ते तिथेच.

कंप्रेशन रेशो म्हणजे काय, हे सगळ्यांना पाठ असतं आणि बोलताना नेमकं तेच विसरलं जातं. पिस्टन तळाला, म्हणजे बीडीसीला असताना त्याच्या डोक्यावर जेवढी जागा असते, तिला तो माथ्याला, म्हणजे टीडीसीला असताना उरलेल्या जागेने भागायचं. भागाकारात स्ट्रोक येतो तो फक्त वरच्या आकड्यात. खालच्या आकड्यात असते ती उरलेली जागा: हेडमधली पोकळी, गॅस्केटची जाडी, पिस्टनच्या डोक्याचा खळगा किंवा फुगवटा, आणि पिस्टन टीडीसीला बॅरलच्या काठापासून किती खाली थांबतो ते अंतर. खालचा आकडा लहान असल्यामुळे त्याला जरासा धक्का लागला तरी उत्तर भरभर बदलतं. वरच्या आकड्याला तसाच धक्का दिला तर फारसं काही घडत नाही.

सीसीच्या गणिताने डोकं शिणत असेल तर एक सोपी वाट आहे. त्या उरलेल्या जागेचा आकार कसाही असो, ती बोअरएवढ्याच रुंदीच्या एका सपाट चकतीत ओतली अशी कल्पना करा. त्या चकतीच्या उंचीने स्ट्रोकला भागा आणि उत्तरात एक मिळवा, झाला कंप्रेशन रेशो. बोअर दोन्हीकडून उडून जातो. क्लासिक ३५० साठी ही उंची येते १२ मिलिमीटर: ९० भागिले १२ म्हणजे साडेसात, अधिक एक, साडेआठ. जुन्या बुलेटसाठी तीच उंची २० मिलिमीटर: साडेचार अधिक एक, साडेपाच. दोन पिढ्यांमध्ये कंपनीने काय केलं, ते या दोन आकड्यांत आलं. वीस मिलिमीटरची चकती बारावर आणली. जुन्या काळच्या पेट्रोलचा ऑक्टेन आकडा कमी, त्यात रेशो वाढवला असता तर इंजिन टकटकलं असतं. चकती जाड ठेवण्यामागे हे कारण होतं, आणि त्याचा स्ट्रोकशी काही संबंध नव्हता.

आता स्ट्रोक खरोखर वाढवून पाहू. क्लासिकच्या क्रँकचा पिन केंद्रापासून एक मिलिमीटर बाहेर सरकवला, म्हणजे स्ट्रोक ९० चा ९२ झाला. पिस्टन आता एक मिलिमीटर जास्त खाली जातो आणि एक मिलिमीटर जास्त वरही येतो. ही दुसरी गोष्ट लोक विसरतात. तो वर येण्याचा मिलिमीटर काढून टाकायला गजन पिनचं भोक पिस्टनमध्ये एक मिलिमीटर वर घेतलं, तर चकती १२ चीच राहील, आणि ९२ भागिले १२ अधिक एक म्हणजे ८.६७. साडेआठाचे पावणेनऊसुद्धा झाले नाहीत. काहीच न करता तसंच जोडलं तर चकती ११ ची होईल, आणि ९२ भागिले ११ अधिक एक म्हणजे ९.३६. एकूण वाढ ०.८६ ची, त्यातली निव्वळ स्ट्रोकची कमाई ०.१७. बाकी सगळी मेहनत चकतीची, आणि शाबासकी मात्र स्ट्रोकला.

म्हणजे स्ट्रोकचं कंप्रेशनशी नातं आहे, ते मी नाकारत नाही. पण ते दूरचं नातं आहे. त्याच्या नावावर जे श्रेय जमा होतं, ते बहुतेक त्याच्या शेजाऱ्याचं असतं.

रॉडचं तर तेवढंही नातं नाही.

रॉड लांब झाला की स्ट्रोक लांब होतो, हे वाक्य ज्याने पहिल्यांदा उच्चारलं त्याने क्रँक हातात घेऊन कधी फिरवला नसावा. स्ट्रोक ठरतो तो क्रँकच्या केंद्रापासून क्रँकपिनच्या केंद्रापर्यंतच्या अंतरावर, आणि तो त्या अंतराच्या दुप्पट असतो, संपला विषय. रॉड १६० मिलिमीटरचा घाला की १८० चा, ४५ मिलिमीटरच्या फेकीचा क्रँक पिस्टनला ९० मिलिमीटरच नेणार-आणणार. रॉड लांब केला तर प्रवास तेवढाच राहतो, फक्त तो सगळा वर सरकतो: टीडीसी जेवढा वर जातो, बीडीसीही तेवढाच वर जातो. भिंतीला लावलेली शिडी विटेवर ठेवली म्हणून तिच्या पायऱ्या वाढत नाहीत.

“पण मी स्वतः लांब रॉड टाकला आणि किक जड झाली,” असं सांगणारा एक तरी प्रत्येक घोळक्यात असतोच. तो खोटं बोलत नाही. पिस्टन जुनाच ठेवून रॉड एक मिलिमीटर लांब घातला तर चकती १२ ची ११ होते, आणि ९० भागिले ११ अधिक एक म्हणजे जवळजवळ ९.२. कंप्रेशन वाढलं, नक्कीच. पण बॅरलखालचं पॅकिंग एक मिलिमीटरने पातळ केलं असतं, किंवा बॅरलचा तळ लेथवर तेवढा उतरवला असता, तरी हाच आकडा आला असता. शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबच्या शर्यती भरायच्या, ती जागा गुम्मिडिपूंडीच्या वाटेवरच आहे. शर्यतवाल्यांच्या जगात कंप्रेशन चढवायची रूढ वाट म्हणजे हेडला फेस मारणं, नाहीतर फुगीर डोक्याचा पिस्टन बसवणं. हेड मोजक्या बोल्टांवर निघतं. रॉड काढायचा तर क्रँककेस फोडावं लागतं, क्रँक दाबयंत्रावर सुटा करावा लागतो, पुन्हा जोडून डायलवर सरळ करावा लागतो. एका मिलिमीटरसाठी एवढी यातायात करायची आणि वर सांगायचं की रॉडच्या लांबीत जादू आहे!

शिवाय हे रॉडवाले आणखी एक गोष्ट सांगत नाहीत. कारखाना जेव्हा लांब रॉड निवडतो, तेव्हा पिस्टनही बदलतो. क्रँकच्या केंद्रापासून पिस्टनच्या डोक्यापर्यंतचं अंतर म्हणजे अर्धा स्ट्रोक, अधिक रॉड, अधिक गजन पिनपासून पिस्टनच्या माथ्यापर्यंतची उंची. बॅरलची उंची ठरलेली असेल तर ही बेरीज बदलता येत नाही. रॉड वाढला तेवढी पिनवरची उंची कमी करावी लागते. म्हणजे चकती जिथल्या तिथे, कंप्रेशन जिथल्या तिथे. नीट आखलेल्या इंजिनात रॉडच्या लांबीचा कंप्रेशन रेशोवर होणारा परिणाम शून्य असतो. ‘नगण्य’ असा शब्द मुद्दामच वापरत नाही.

आता थोडं वाचलेल्यांचा मुद्दा. ते म्हणतात, रेशो सोडा, पण लांब रॉडने पिस्टन टीडीसीजवळ जास्त वेळ रेंगाळतो, त्यामुळे दाब जास्त टिकतो, म्हणजे प्रत्यक्षात कंप्रेशन वाढल्यासारखंच झालं. रेंगाळतो हे खरं आहे. किती, ते मात्र कोणी मोजत नाही. ९० च्या स्ट्रोकला १६० चा रॉड धरा आणि १८० चा धरा. टीडीसीनंतर क्रँक दहा अंश फिरल्यावर पहिल्यात पिस्टन ०.८७५ मिलिमीटर उतरलेला असतो, दुसऱ्यात ०.८५३. फरक सुमारे वीस मायक्रॉनचा. पिस्टन आणि बॅरलमध्ये आपण याहून जास्त मोकळीक ठेवतो.

याच तर्काचा धागा थोडा पुढे ओढला तर तो त्यांच्याच गळ्यात पडतो. इनटेक व्हॉल्व्ह बीडीसीला बंद होत नाही, त्यानंतर बऱ्याच अंशांनी होतो. दाबायला सुरुवात होते ती तिथून. व्हॉल्व्ह बीडीसीनंतर साठ अंशांनी मिटला असं धरू. त्या क्षणी १६० च्या रॉडवरचा पिस्टन टीडीसीपासून ७२.३ मिलिमीटर खाली असतो आणि १८० च्या रॉडवरचा ७१.८. म्हणजे लांब रॉडवाल्याने अर्धा मिलिमीटर हवा आधीच परत ढकललेली असते. १२ ची चकती धरून हिशेब केला तर प्रत्यक्ष कंप्रेशन आखूड रॉडला ७.०३ पट आणि लांब रॉडला ६.९८ पट. रॉड वीस मिलिमीटर वाढवून कंप्रेशन शतांश पाचने घटलं. एवढ्याशा फरकाने काही बिघडत नाही, पण दावा वाढीचा होता.

लांब रॉड मग लावतात कशाला? त्याचे गुण वेगळेच आहेत, आणि ते खरे आहेत. फिरता क्रँक आणि सरळ चालणारा पिस्टन यांच्यामध्ये रॉड तिरका होतो. जेवढा तो तिरका, तेवढा पिस्टन बॅरलच्या भिंतीवर दाबला जातो. वरच्याच उदाहरणात आखूड रॉड जास्तीत जास्त १६.३ अंश कलतो, लांब रॉड १४.५. पिस्टनच्या कडेची घासण कमी, बॅरल अंडाकृती होण्याची चाल मंद, टीडीसीला पिस्टनला बसणारा झटकाही अडीच टक्क्यांनी कमी. लांब रॉडचं कौतुक करायचं तर यासाठी करा, मीही टाळी देईन. उलट रॉड लांब केला की इंजिन उंच होतं, रॉडचं वजन वाढतं, नाहीतर पिस्टन इतका बुटका करावा लागतो की रिंगांना जागा पुरत नाही. शेवटी आखणारा माणूस या सगळ्यांत तडजोड करतो, आणि कंप्रेशनचा आकडा तो वेगळ्याच टेबलावर ठरवतो.

पुरावा कागदावरचा नको, डोळ्यांनी दिसणारा हवा, असं कोणाचं म्हणणं असेल तर तो महाराष्ट्रातूनच तमिळनाडूत येऊन बसलेला आहे. पुण्याच्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सचं टीव्ही-१ हे एका सिलिंडरचं डिझेल इंजिन: बोअर ८७.५, स्ट्रोक ११०, कनेक्टिंग रॉड २३४ मिलिमीटर, १५०० फेऱ्यांवर ५.२ किलोवॅट, कंप्रेशन रेशो १७.५. सांगलीच्या अपेक्स इनोव्हेशन्सने याच इंजिनावर एक चाचणी-संच बनवला, ज्यात सिलिंडर ब्लॉक किंचित कलवता येतो. इंजिन चालू असताना, न थांबवता, कंप्रेशन रेशो १२ पासून १८ पर्यंत बदलता येतो. देशभरातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत हा संच आहे, आणि तमिळनाडूतल्या प्रयोगशाळांतून तर त्यावर बायोडिझेलचे इतके शोधनिबंध निघाले आहेत की टीव्ही-१ ची मापं तिथल्या विद्यार्थ्यांना मुखोद्गत असावीत. क्रँक तोच, रॉड तोच, स्ट्रोक तोच, आणि कंप्रेशन बारावरून अठरावर. चकतीच्या हिशेबाने पाहिलं तर उंची दहा मिलिमीटरवरून साडेसहाच्या खाली आली, साडेतीन मिलिमीटरचा फरक. २००० साली स्वीडनच्या साबने असंच कलणारं इंजिन जिनिव्हाच्या प्रदर्शनात मांडलं होतं, तेव्हा जगभर वाहवा झाली होती.

याच टीव्ही-१ मध्ये लांब रॉड घालून पाहायची कोणाला हौस असेल तर आधी आकडा बघा. एक मिलिमीटर लांब रॉड म्हणजे १७.५ चे २०.४. पण तो आकडा पाहायला इंजिन शिल्लक राहणार नाही. डिझेलच्या पिस्टनचं डोकं आणि हेड यांच्यातला बंपिंग क्लिअरन्स मुळातच मिलिमीटरच्या आसपास असतो. जुने फिटर शिशाच्या तारेचा तुकडा पिस्टनवर ठेवून, इंजिन हाताने फिरवून, चेपलेली तार मोजतात ती याचसाठी. डिझेलवर काम केलेल्या माणसाला रॉडची थाप सहसा पचत नाही. ती पेट्रोलच्या गाड्यांवर वाढलेल्यांनाच जास्त गोड लागते.

किर्लोस्करांनी रॉड २३४ चा ठेवला त्यामागे कंप्रेशन नव्हतं. पंपाला जोडून तासन् तास एका वेगाने चालणाऱ्या इंजिनाला उंचीची फिकीर नसते, टिकण्याची असते, आणि या रॉडचा कल १३.६ अंशांच्या पुढे जात नाही.

स्ट्रोकच्या बाजूनेही एक खरी गोष्ट सांगितली पाहिजे, कारण विरोधकांना ती सुचत नाही. चकतीची उंची म्हणजे स्ट्रोक भागिले (रेशो वजा एक). टीव्ही-१ मध्ये १७.५ चा रेशो साधायला ११० च्या स्ट्रोकला ६.७ मिलिमीटरची चकती पुरते. स्ट्रोक ६० चा असता तर तेवढ्याच रेशोला चकती ३.६ मिलिमीटरची करावी लागली असती, आणि त्यात व्हॉल्व्हची जागा, पिस्टनमधला खळगा, गॅस्केटची जाडी सगळं बसवायचं म्हणजे नाकी नऊ येतात. शिवाय सीसी ठरलेले असताना स्ट्रोक लांब म्हणजे बोअर लहान, ज्योतीला धावायला अंतर कमी, टकटक होण्याची भीती कमी. म्हणजे लांब स्ट्रोक कंप्रेशन वाढवत नाही, पण कोणाला वाढवायचं असेल तर जागा करून देतो. एनफील्डच्या जुन्या बुलेटने ती जागा पन्नास वर्षं वापरलीच नाही.

“मग जुन्या इंग्रज इंजिनिअरांनी स्ट्रोक एवढे लांब ठेवले ते काय उगाच?” उगाच नाही, पण नेहमी इंजिनासाठीही नाही. इंग्लंडात १९२१ पासून दुसरं महायुद्ध संपल्यानंतरच्या वर्षापर्यंत मोटारींवर कर बसे तो आरएसी हॉर्सपॉवरवर, आणि त्या सूत्रात बोअर होता, सिलिंडरांची संख्या होती, स्ट्रोक नव्हताच. बोअर लहान ठेवा, स्ट्रोक ताणा, सीसी मिळवा, कर वाचवा. १९४८ साली स्थापन झालेल्या आणि एण्णोरला कारखाना असलेल्या अशोक मोटर्सने, म्हणजे आजच्या अशोक लेलँडच्या पूर्वजाने, ज्या ऑस्टिन ए-४० गाड्या जोडल्या त्यांचा बोअर साडेपासष्ट आणि स्ट्रोक ८९ मिलिमीटर, तो याच वळणाचा. मोटरसायकलींचा कर निराळा होता, पण सवयी एकाच मुलखातल्या होत्या. लांब स्ट्रोकमध्ये पूर्वजांचं गूढ ज्ञान शोधणाऱ्यांनी तिथल्या कर-निरीक्षकालाही थोडं श्रेय द्यावं.

कंप्रेशनवर पराभव दिसला की वाद टॉर्ककडे सरकतो: स्ट्रोक लांब म्हणजे तरफेचा हात लांब, म्हणून टॉर्क जास्त. हात लांब होतो हे मान्य. पण सीसी तेवढेच ठेवले तर पिस्टनचं क्षेत्रफळ त्याच प्रमाणात कमी होतं, आणि त्यावरचा जोरही. हात वाढला तेवढा जोर घटला, गुणाकार तिथेच. टॉर्क ठरतो तो सीसी आणि सिलिंडरमधल्या सरासरी दाबावर. जुन्या हिमालयनचं इंजिन ४११ सीसीचं, स्ट्रोक ८६, टॉर्क ३२ न्यूटन-मीटर. नव्या हिमालयनचं ४५२ सीसीचं, स्ट्रोक साडेचार मिलिमीटरने आखूड, टॉर्क ४०. सीसी दहा टक्के वाढले, टॉर्क पंचवीस टक्के. चार व्हॉल्व्ह, पाण्याने थंड होणारं हेड आणि ११.५ चं कंप्रेशन यांनी ते काम केलं.

रॉडच्या लांबीने कंप्रेशन बदलणारी इंजिनंच नाहीत, असं मात्र मी म्हणणार नाही. जर्मनीतल्या आखेनच्या एफईव्हीने रॉडच्या वरच्या टोकात विकेंद्री बेअरिंग बसवून त्याची कामाची लांबी दोन पायऱ्यांत बदलणारा रॉड तयार केला आहे. तोही काय करतो? पिस्टन टीडीसीला थोडा वर किंवा थोडा खाली थांबवतो, म्हणजे चकतीच बदलतो. आणि निसानचं व्हीसी-टर्बो तर या सगळ्या वादावरचा तोडगाच आहे. २०१८ पासून इन्फिनिटीच्या गाडीत विकल्या गेलेल्या या दोन लिटरच्या इंजिनात क्रँक आणि रॉडच्या मध्ये जोडपट्ट्यांची एक यंत्रणा आहे, आणि चालता चालता कंप्रेशन ८ पासून १४ पर्यंत जातं. या यंत्रणेत स्ट्रोकही किंचित बदलतो. रेशो ८ असताना स्ट्रोक ९०.१ मिलिमीटर, १४ असताना ८८.९. सीसी १९९७ वरून १९७० वर येतात. स्ट्रोक आखूड होतो आणि कंप्रेशन जवळपास पावणेदोन पट होतं! याच जातीचं दीड लिटरचं इंजिन २०२४ साली एक्स-ट्रेलबरोबर भारतातही आलं.

एवढं होऊनही ज्याला लांब रॉड टाकायचाच आहे, त्याने आधी एक काम करावं. ७० बाय ९० च्या क्लासिकचं इंजिन टीडीसीला आणायचं, दोन्ही व्हॉल्व्ह बंद असल्याची खात्री करायची, प्लगचं भोक आकाशाकडे येईल असं इंजिन कलवायचं, आणि काचेच्या ब्युरेटमधून पातळ तेल प्लगच्या आट्यांच्या बुडापर्यंत ओतायचं. दुसऱ्या प्लगचं भोक अर्थातच बंद हवं, आणि तेल रिंगांवाटे झिरपायच्या आत आकडा वाचायचा. ४६ सीसीच्या आसपास तेल मावलं तर इंजिन कारखान्याच्या साडेआठावर आहे. गॅरेजवाल्याने ‘लांब रॉड टाकून कंप्रेशन सव्वानऊ केलं’ असं सांगून गाडी परत दिली असेल, तर तेल सुमारे ४२ सीसीच मावायला हवं. तसंच मावलं तर त्याला विचारा, या चार सीसी पॅकिंग पातळ करून किती वेळात गेल्या असत्या. आणि ४६ च मावलं, तर बिलातल्या रॉडचे पैसे परत मागा.